झाकणभर तेल

"काय सांडलं जी वहिनी?" सुमनबाईंनी उंबऱ्यातच चपला काढता काढता विचारलं आणि पदराचं टोक नाकाला लावलं. मी परातीतली बदामबर्फी वाटीच्या बुडानं थापत होते. हात तसाच फिरत राहिला. सांडलं? कुठे सांडलं? काय सांडलं? मी आजूबाजूला पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी शोधते आहे हे त्यांना कळलं असतं. "हो, थोडंसं सांडलं," मी म्हणाले, "पुसलं लगेच." "पुसलं तरी गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन राहिला वास. मी म्हटलं, आज गोपाळरावाच्या घरी काय होऊन राहिलं!" त्या हसल्या, म्हणून मीही हसले. वास कशाचा, हे त्या बोलल्या नाहीत आणि मला विचारता येईना. ज्या घरची सून तिच्या नाकासाठी भंडाऱ्याच्या बाजारात ओळखली जाते, तिनं कामाला येणाऱ्या बाईला कसं विचारायचं, की सुमनबाई, मला सांगा हो, माझ्या घरात कशाचा वास येतोय? एरवी त्या संध्याकाळपर्यंत माझ्याजवळ बसून वड्या भरतात. आज पुठ्ठ्याच्या रिकाम्या डब्यांचा गठ्ठा उचलून म्हणाल्या, "हे डबे मी घरीच नेतो दुमडाले. इथं तं डोकं धरून राहिलं." आणि गेल्या.

त्या वळल्या तशी मी पहिल्यांदा सिलेंडरकडे धावले. बटण बंद होतं, नळीही जागेवर होती. तरी मी खिडकी सताड उघडली आणि पंखा लावू की नको म्हणून बटणावरचं बोट मागे घेतलं. मग दुधाचं पातेलं पाहिलं, ते उतू गेलं नव्हतं. तुपाची कढई पाहिली, बुडाला काळं धरलं नव्हतं. मोरीचं झाकण उचलून पाहिलं, ओट्याखाली वाकून पाहिलं, उंदीर मरून पडला असेल म्हणून पिठाच्या पिंपामागे बॅटरी मारली. गेली दोन वर्षं मी अशीच डोळ्यांनी वास शोधते. नासलेलं दूध मला फुटलेलं दिसल्यावर कळतं, करपलेली भाजी धूर दिसल्यावर. शेवटी स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहिले आणि जोरात श्वास ओढला, बळजबरी केली तर एखादा वास सापडेल असं वाटून. हवा आत गेली. गार होती, एवढंच कळलं. मग नजर फडताळावरच्या बाटलीवर गेली. बदामाच्या तेलाची नवी तपकिरी बाटली, आज सकाळीच फोडलेली. तिच्यातलं तेल झाकणभर उतरलं होतं, नेहमीसारखं. आणि तिला पिशवीतून काढताना अंकुश, माझे यजमान, काय म्हणाले होते ते मला एकदम आठवलं.

आमच्याकडे बदामाचा, पिस्त्याचा, अक्रोडाचा अर्क मामाजींच्या काळापासून वापरतात. मामाजी म्हणजे माझे सासरे, गोपाळराव. कोशाच्या रेशमी साड्यांचा धंदा मंदावला तेव्हा त्यांनी उन्हाळ्यात बदामाचं शरबत करून विकायला सुरुवात केली, मग बर्फी आली, मग भट्टीतली नानकटाई. लोकांना वाटतं आम्ही परातभर बदाम वाटतो. बदाम असतातच, पण बदामाला स्वतःचा वास असतो कितीसा? तो वास बाटलीतून येतो. शरबताला थेंब मोजायचे, नानकटाईला लोणी फेसतानाच घालायचा, कारण भट्टीत निम्मा उडून जातो. आणि बर्फीचा गोळा कढईच्या कडा सोडून आला की खाली उतरवायचा, कोमट होऊ द्यायचा आणि मग झाकणभर अर्क टाकून सराट्यानं फिरवायचा. कढईला एक झाकण. लग्न होऊन आले तेव्हापासून तेच झाकण. या खेपेला अंकुश नागपूरच्या इतवारीतून अर्काऐवजी तेल घेऊन आले. रंजितानंच सुचवलं होतं, आमच्या मुलीनं. तिनं मोबाइलवर पाहिलं होतं की खव्यात पाण्याच्या अर्कापेक्षा तेल चांगलं मुरतं. "दुकानदार म्हणे हे लय तेज आहे," अंकुश म्हणाले होते, "जरा बेतानं टाकजो." आणि मी काय म्हणाले? मी मान उडवून म्हणाले, "मला कशाला सांगता? माझं नाक आहे ना." ते हसून अंघोळीला गेले. बाटली जुनीएवढीच, झाकणही तसंच निळं. सकाळी हातानं बुद्धीला न विचारता झाकण भरलं आणि ओतलं.

नाक कधी गेलं ते मला ठाऊक आहे. करोनाच्या दुसऱ्या लाटेत घरात मला एकटीलाच ताप आला. मागच्या खोलीत पडून होते, आणि एका सकाळी चहा आला तो नुसता गरम होता. त्यात आलं आहे की नाही, दूध आहे की नाही, काही कळेना. तेव्हा घाबरले नाही, सगळ्यांचंच जात होतं. गल्लीतल्या बायका फोनवर एकमेकींना सांगायच्या, मला कापराचा वास कळायला लागला, मला हिंगाच्या डबीचा. येईल आपलाही, म्हणत मी ताटातला लिंबाचा तुकडा बोटांत चुरून नाकाशी धरायची. बऱ्या झालेल्या बायकांच्या त्या गोष्टी थांबल्या, लोक तो काळ विसरायला लागले, आणि माझा काही आला नाही. कधीमधी एकच वास उगाच येतो, आणि तो खरा नसतो. माझं माहेर मोहाडीचं. आमच्या अंगणात कोश उकळायचे, सोड्याच्या पाण्यात, तासन्‌तास, आणि आतल्या मेलेल्या अळ्यांचा तो वास आईच्या केसांत, माझ्या शाळेच्या कपड्यांत भरून असायचा. वर्गातल्या मुली लांब सरकायच्या. मी त्या वासाचा इतका राग केला की लग्न ठरलं तेव्हा मुलगा कसा आहे याआधी मी विचारलं होतं, त्यांच्याकडे कोश उकळतात का? नाही म्हणाले, बदामाचं शरबत करतात. मी तिथेच होकार दिला. आता सगळे सुवास गेले आणि तो एक आपला हक्क सांगत अधूनमधून येतो, भर दुपारी, बंद खोलीत. मी डोळे मिटून बसते आणि तो जायची वाट पाहते.

पण मी कोणाला सांगितलं नाही. तापातून उठल्यावर पहिल्यांदा स्वयंपाकघरात आले तेव्हा मामाजी शरबताची बाटली घेऊन आले होते. त्यांची पद्धत अशी की शरबताचा थेंब मनगटाच्या मागे लावायचा, अंगठ्यानं चोळायचा आणि हुंगायचा. त्यांनी माझ्या हातावर थेंब लावला आणि म्हणाले, "हुंगून पाय बरं बाई." मी हात नाकाशी नेला. काहीच नव्हतं. ओली कातडी. मान वर केली तर ते माझ्याकडे असे टक लावून बघत होते, एखाद्याचा निकाल लागायचा असावा तसे. मला त्या म्हाताऱ्याची दया आली. मी म्हणाले, "बरोबर आहे." त्यांचा चेहरा निवळला, स्वतःच्या हातावरचा थेंब हुंगून तेही म्हणाले, "हो, बरोबर." मला वाटलं, चला, त्यांचं नाक तरी शाबूत आहे, मी माप तेच ठेवीन, ते पारखतील, आणि तोवर माझं येईलच. झाकली मूठ सव्वा लाखाची. तेव्हापासून मी मूठ झाकून आहे आणि मुठीत काही नाही.

लोकांना हसू येईल की एवढं काय, डोळा नाही गेला, पाय नाही गेला. पण या घरात मला जे काही आहे ते नाकानं मिळालेलं आहे. नवी नवरी होते, महिनाही झाला नसेल, तेव्हा सासूबाई, सुलोचनाबाई, पिस्त्याच्या अर्काची बाटली उघडत होत्या. मी पोळ्या लाटता लाटता बोलून गेले की हा खवट झालाय. सासूबाईंनी लाटणं माझ्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाल्या, "मोहाडीच्या कोशाच्या वासात वाढली, अन् आमाले पिस्ता शिकवते!" मी रडायच्या बेतात होते. मामाजी समोरच्या खोलीतून उठून आले, बाटली हुंगली, पुन्हा हुंगली, आणि काही न बोलता मोरीत ओतून दिली. अख्खी बाटली. मग सासूबाईंना म्हणाले, "सून बरोबर म्हणते." त्या दिवसापासून नवा माल माझ्यासमोर फुटायचा. भंडाऱ्याजवळच्या शहापूरचा हॉटेलवाला हायवेवरून फोन करायचा की वहिनी, तूप आणलंय, जरा येऊन पाहून द्या. सासूबाईंनी जन्मभर मला 'मोहाडीवाली' म्हटलं, पण शेवटच्या आजारपणात औषधाची बाटली उघडली की मला हाक मारायच्या, हुंगून पाय, जुनी तं नाही झाली. शिक्षण माझं बेताचं, रूप बेताचं, माहेरून आणलं ते बेताचं. नाक तेवढं तेज. ते गेलं हे सांगितलं की उरते कोण? बर्फी थापणारी एक बाई. तशा गल्लीत पुष्कळ मिळतील.

आणि आज थापलेली बर्फी उद्यासाठी होती. उद्या रंजिताचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, शहापूरच्या हॉलवर. तुमसरची मुलाकडची मंडळी येणार. योगेंद्र चांगला मुलगा आहे, त्याच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण त्याची आई, शकुंतलाबाई, बोलणी झाली त्या दिवशी निघताना माझा हात धरून म्हणाल्या होत्या, "आमाले काही नको बाई. फक्त बर्फी तुमच्या हातची पाहिजे, तिचं लय नाव आयकलं." मला त्यांच्या तोंडासमोर ती पहिली वडी दिसू लागली. त्या ती दातांखाली धरतील, थांबतील, शेजारच्या बाईकडे बघतील. थुंकता येणार नाही म्हणून गिळतील. मुलीच्या साक्षगंधाला कडू घास. आमच्याकडे अशी गोष्ट बायका वर्षानुवर्षं सांभाळून ठेवतात आणि सुनेचं पहिलं भांडण झालं की काढतात. आणि नुसतं कडू असेल तर ठीक, त्यानं कुणाला काही झालं तर? आई म्हणायची कडू बदाम फार खाल्ले तर माणूस दगावतो. मी बाटली उलटी करून मागची अक्षरं वाचायचा प्रयत्न केला. ती मुंगीएवढी होती. चष्मा लावून 'अत्यंत तीव्र' एवढं जुळलं आणि पुढचं वाचायचं धाडस झालं नाही. मनात मात्र ओळीनं बसलेल्या बायका दिसायला लागल्या, पोट धरून, आणि हॉलच्या दारात उभे राहिलेले अंकुश. मग वाटलं, कदाचित काहीच नसेल. कदाचित सुमनबाईंनाच आज डोकेदुखी असेल, शेजारी कुणी फिनाईल टाकलं असेल. कदाचित एक झाकण बरोबरच पडलं असेल. हे कळायचा सोपा उपाय होता, परातीच्या कडेचा तुकडा तोडून जिभेवर ठेवायचा. वास गेला तरी जीभ आहे. गोड, खारट, आंबट, कडू एवढं तिला अजून कळतं. कडू तर सगळ्यांत आधी.

पण तेवढंच करता येत नव्हतं. या घरात नव्या घाण्यातला पहिला तुकडा देवाचा. देवापुढे ठेवायच्या आधी करणाऱ्यानं जिभेला लावायचं नाही, नाहीतर सगळा माल उष्टा. सासूबाईंचा हा दंडक, त्यांच्या सासूचाही असेल. वरणातलं मीठसुद्धा त्या हुंगून सांगायच्या. म्हणून तर या घरात नाकाला एवढा मान: जीभ बांधलेली, तेव्हा सगळा कारभार नाकाचा. मी इतकी वर्षं तो एकदाही मोडला नव्हता. भक्ती फार होती असं नाही, मोडायची वेळच आली नव्हती. आज मुलीच्या साक्षगंधाचा नैवेद्य, आणि आजच मोडायचं? आणि आधी देवापुढे ठेवून मग चाखावं, तर कडू निघालेला नैवेद्य देवाला दाखवून झालेला. हात दोनदा परातीपाशी गेला आणि दोनदा मी तो पदराला पुसला. पुढे ढकलायला मी सुरी घेतली आणि वड्या पाडायला लागले. सरळ रेघा, मग तिरप्या. रेघा वाकड्या येत होत्या.

अंकुशचा फोन आला तेव्हा मी दचकले. "झालं का तुझं?" ते शहापूरहून ओरडून बोलत होते, मागे मंडपवाल्यांची ठोकाठोक चालू होती. "खुर्च्या कमी पाठवल्या त्यानं, मी इथंच थांबून राहिलो. बर्फी झाली ना?" मी म्हणाले, "झाली." "तेल कसं निघालं? बेतानं टाकलं ना?" आता सांगावं, असं वाटलं. आत्ता नुसतं म्हणावं की अहो, मला वास येत नाही. चार शब्द. ते खुर्च्यांचं सोडून गाडीला किक मारतील. पण मग विचारतील, कधीपासून, आणि मला सांगावं लागेल. दोन वर्षं रोज रात्री शेजारी झोपणाऱ्या बाईनं एवढं लपवलं, तर आणखी काय काय, असं त्यांच्या मनात आल्याशिवाय राहील का? "नाक लावून पाहिलं ना तू?" ते म्हणाले. "पाहिलं," मी म्हणाले. "मंग काय टेन्शन नाही," ते म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांचं टेन्शन गेलं आणि ते सगळं माझ्या छातीवर येऊन बसलं. मी पदर सोडून कमरेला खोचला, परत सोडला.

समोरच्या खोलीत मामाजींच्या काठीचा आवाज झाला. दुपारची झोप आटोपून ते येत होते. मला एवढा आधार वाटला की काय सांगू. हे आहेतच की! मी वेडी, नसती भीती घेऊन बसले. ते नेहमीसारखी चिमूट चुरून हुंगतील आणि जास्त झालं असेल तर बोलतील. "जास्त पडलं वाटते बाई," एवढं ते म्हणाले की मी म्हणेन, मलाही तसंच वाटलं, दुकानदारानं तेज तेल दिलं. खवा अर्धा शिल्लक होता, संध्याकाळपर्यंत दुसरा घाणा झाला असता. कुणाचं काही बिघडत नव्हतं. ते ओट्याशी आले, काठी भिंतीला टेकवली आणि म्हणाले, "रंजिताची बस कुठं आली?" "नागपूरहून निघाली आहे, मौद्याच्या पुढे असेल," मी म्हणाले. "मामाजी, हे पाहा ना जरा." मी परातीच्या कडेची चिमूट त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती अंगठ्यानं सावकाश चुरली, नाकाशी नेली, डोळे मिटले. मी श्वास धरला. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, थोडा वेळ पाहिलं, आणि म्हणाले, "बरोबर आहे. एकदम बरोबर. ठेव देवाजवळ."

क्षणभर मी सुटले. खरंच सुटले. मी ताटलीत पाच वड्या मांडल्या, वर तुळशीचं पान ठेवलं. आणि ताटली उचलताना सुमनबाई पदर नाकाला लावून उंबऱ्यात उभ्या राहिलेल्या मला दिसल्या. गल्लीच्या तोंडापर्यंत. मी खिडकी सताड उघडून ठेवलेली होती आणि समोरच्याच खोलीत मामाजी तासभर झोपले होते. आत आल्यावर त्यांनी विचारलं ते रंजिताच्या बसचं. वास कशाचा, काय सांडलं, काही विचारलं नाही. परक्या बाईचं डोकं धरलं आणि ज्यानं जन्मभर हाच धंदा केला त्या माणसाला काही जाणवलंच नाही? मी ताटली हातात धरून त्यांच्याकडे पाहिलं. ते रिकामा तळहात धोतराला पुसत होते. हात धोतराच्या त्याच त्या जागेवरून जात होता आणि थांबत नव्हता. आणि मला कळलं. कसं कळलं ते सांगता येत नाही. चोराला चोराची वाट ठाऊक असते म्हणतात, तसंच काहीतरी असेल.

ताटली देवघरात नेता आली असती. कुणी अडवलं नव्हतं. उद्या कडू निघालं असतं तर 'मामाजींनी पाहिलं होतं' हे म्हणायला माझ्याकडे होतं, आणि म्हाताऱ्या माणसाला कोण बोलणार? हा विचार माझ्या मनात आला, स्पष्ट आला, आणि मला स्वतःची किळस आली. मी तुळशीचं पान बाजूला केलं, ताटलीतली वडी उचलली आणि देवाच्या आधी तोंडात टाकली.

आधी साखर लागली. मग जिभेच्या मागे कडू उठलं. काडेचिराइताचं कडूही त्याच्यापुढे सौम्य म्हणावं असं. घशाला चटका बसला, डोळ्यांत पाणी आलं. मी मोरीपाशी गेले आणि थुंकले.

"हे काय केलं बाई?" मामाजी म्हणाले. "देवाले दाखवलं नाही अजून. आज? पोरीच्या साक्षगंधाचं?"

"कडू आहे," मी म्हणाले. "विषासारखी कडू झाली आहे सगळी परात." मग पदरानं तोंड पुसलं आणि त्यांच्याकडे न पाहता म्हणाले, "मामाजी, मला वास येत नाही."

"सर्दी झाली?"

"नाही. त्या तापापासून येत नाही. कशाचाच येत नाही. मी तुमच्यावर विसंबून होते."

काठी शोधायला मामाजींचा हात भिंतीकडे गेला, पण काठी घेतली नाही. ओट्याला धरून पाटावर बसले, हळूहळू, एकेक गुडघा मोडत. मला वाटलं आता रागावतील. सासूबाईंसारखं 'मोहाडीवाली' म्हणतील. म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

"तुझी सासू होती तवाच माझा गेला," ते म्हणाले. "म्हातारपणानं जाते म्हणे. तिलेबी नाही सांगितलं."

"मग आत्ता बरोबर म्हणालात ते?"

"तुझ्या तोंडाकडं पाहून म्हटलं. तुझं नाक माझ्यापरीस चांगलं. तू बरोबर म्हणलीस का मी बरोबर म्हणतो." त्यांनी परातीकडे पाहिलं. "आज तोंड उतरलं होतं तुझं. पण म्हटलं, पोरगी जाऊन राहिली, त्याच्यानं असन."

मला ती पहिली दुपार दिसली, माझ्या हातावर त्यांनी लावलेला थेंब आणि टक लावलेले डोळे. ते माझी परीक्षा घेताहेत असं मी समजले होते, आणि ते माझ्याच उत्तराची वाट पाहत होते. इतके दिवस शरबत गेलं, बर्फी गेली, नानकटाईचे डबे तुमसर, पवनीला गेले, आणि ते सगळं कोणी पारखून दिलं? कोणीच नाही. एका झाकणानं. मी ओट्याला टेकून उभी राहिले. मेलेलं नाक घेऊन मी एकटी आहे असं समजून जी भीती इतके दिवस सांभाळली होती, ती जाऊन तिच्या जागी दुसरी आली, मोठी.

"लोकं तं चांगलंच म्हणत होते," मामाजी म्हणाले. ते मला सांगत होते की विचारत होते, कळलं नाही. मग हात लांब करून त्यांनी ताटलीतली एक वडी घेतली. मी नको म्हणायच्या आत तोंडात टाकली. या माणसानं आयुष्यात देवाच्या आधी खाल्लेला तो पहिलाच घास असावा. ते चावत राहिले. सुरकुत्या ओढल्या गेल्या, डोळे बारीक झाले, पण थुंकले नाहीत, गिळलं. "हो," ते म्हणाले, "कडू आहे."

फाटक वाजलं. रंजिता खांद्यावर बॅग घेऊन आत आली आणि दारातच थबकली. "आई गं! केवढा वास! काय फुटलं का इथं?" तिनं ओढणी नाकाला लावली, आणि आम्हा दोघांकडे पाहिलं. आजोबा पाटावर, मी ओट्यापाशी, डोळे दोघांचेही ओले. तिचं हसू गेलं. "काय झालं? कोणाले काही झालं का? तुमसरवाल्यांचा फोन आला का?"

"काही नाही झालं," मी म्हणाले. ती बॅग ठेवून जवळ आली. या मुलीला दिवाळीनंतर आम्ही सासरी पाठवणार. मी खव्याचं पातेलं पुढे ओढलं, कढई गॅसवर चढवली आणि तपकिरी बाटली तिच्या हातात दिली. "हात धू आणि बस इथं. दुसरा घाणा करायचा आहे. मी ढवळते. हे तेल किती टाकायचं ते तू वास पाहून सांग."

"मी?" ती म्हणाली. "मले काय समजते त्यातलं? तू आहेस ना."

मामाजींनी मान खाली घातली. मी गॅस पेटवला.

"नाही," मी म्हणाले. "मी नाही."